जिल्हा परिषदेचं सभागृह तीन वर्षं बंद. बिघडलं काय?

माणकाठ (धागाकर्ता)

६ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं राज्याला बजावलं: चार आठवड्यांत स्थानिक निवडणुकांची अधिसूचना काढा, चार महिन्यांत निवडणुका उरका. तेव्हापासून आमच्या पारावर एकच विषय. गट (झेडपीचा मतदारसंघ) कुणाला सुटणार, गण (पंचायत समितीचा मतदारसंघ) कसा फुटणार, अमक्याची बायको उभी राहणार की सून. मार्च २०२२ला बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, त्यानंतर तीन वर्षं सदस्यच नाहीत, कारभार प्रशासक म्हणून अधिकाऱ्याच्या हाती, याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

म्हणून जरा जुन्या तारखा काढून बसलो. १९६१ला झेडपी सुरू झाली. निवडणुका: १९६२, १९६७, १९७२, १९७९, १९९२, १९९७, २००२, २००७, २०१२, २०१७. १९७९ आणि १९९२ या दोन आकड्यांमध्ये बोट घालून बघा. १९७९ला जन्मलेलं पोर सातवी-आठवीत गेलं, तेव्हा कुठं पुढचं मतदान झालं! मधल्या काळात मुंबईत सरकारं आली, गेली, मुख्यमंत्री किती बदलले ते मोजायला दोन्ही हातांची बोटं लागतात. झेडपीची निवडणूक कुणालाच आठवली नाही.

पुढं ७३वी घटनादुरुस्ती आली, पाच वर्षांची मुदत घटनेत बसली, राज्य निवडणूक आयोग आला. मग १९९७ ते २०१७ गाडी घड्याळासारखी धावली. आणि २०२२ला पुन्हा रुळावरून उतरली.

माझं म्हणणं एवढंच, की हा कुठल्या एका पक्षाचा दोष नाही. २०१२ला राष्ट्रवादी पहिली होती, २०१७ला भाजप. कुणीही असो, आमदाराला झेडपी नकोच असते. झेडपीचा आराखडा आखणाऱ्या वसंतराव नाईक समितीनं आमदार-खासदारांना झेडपीच्या सभागृहाबाहेर ठेवलं, आणि झेडपी सदस्य म्हणजे उद्याचा आमदारकीचा इच्छुक. आर. आर. पाटील १९७९ला सावळज गटातून झेडपीत गेले आणि १९९०ला तासगावचे आमदार झाले. असा माणूस तयार होऊ द्यायचा की अधिकाऱ्याकडून कामं करून घ्यायची? कुठलाही आमदार काय निवडेल ते सांगायला नको.

तलाठी_नव्हे_लिपिक

धागा वाचला. ३१ वर्षं तीन जिल्ह्यांच्या झेडपीत टेबल सांभाळलं, आता निवृत्त. कुणाला राग आला तरी चालेल, प्रशासकाच्या काळात काम सुरळीत झालं.

सदस्य असताना फाइल माझ्या टेबलावरून हलायच्या आधी फोन हलायचे. शिक्षकाची बदली, अंगणवाडीचं बांधकाम, पाणंद रस्त्याचं टेंडर. सभापती केबिनमध्ये, त्यांचा भाचा बाहेर बाकावर, आणि ठेकेदार भाच्याच्या शेजारी. सर्वसाधारण सभा तीन महिन्यांतून एकदा, त्यातला अर्धा वेळ निषेधाच्या आणि अभिनंदनाच्या ठरावात जायचा. उरलेल्या अर्ध्यात 'माझ्या गटाला कमी निधी का'. आता सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी) सही करतात, काम होतं. लोकशाही वगैरे ठीक आहे हो, पण १९७९ ते ९२ चा काळ लोकांना डाचला असता तर मोर्चे निघाले असते. निघाले का?

एमपीएससी_चौथा_प्रयत्न

धागाकर्ते, चूक दुरुस्त करा. अधिनियम १९६१चा, अंमल १ मे १९६२पासून. 'जिल्हा परिषद १९६१ला सुरू' असं लिहिलंत तर एक गुण गेला. नाईक समितीच्या शिफारशी २२६, हेही लिहून ठेवा. (मला त्यातल्या दहासुद्धा सांगता येणार नाहीत, पण आकडा पाठ आहे.)

माणकाठ

दुरुस्ती मान्य.

लिपिकसाहेब, बदल्यांचं उदाहरण तुम्हीच दिलंत म्हणून विचारतो. शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन करण्याचा शासन निर्णय निघाला २०१७ला. तेव्हा सदस्य होते, प्रशासक नव्हते. म्हणजे दुखणं बरं झालं ते पद्धत बदलल्यामुळं. सदस्य घालवल्यामुळं नव्हे.

आणि 'सीईओ सही करतात' यातच खरी गोम आहे. प्रशासक म्हणून स्थायी समितीही तेच आणि सर्वसाधारण सभाही तेच. प्रस्ताव सकाळी सीईओ म्हणून मांडायचा, दुपारी प्रशासक म्हणून मंजूर करायचा. प्रश्न विचारणार कोण? आरशातला माणूस?

गटातली_बाई

मी २०१२ ते २०१७ सदस्य होते. ५० टक्के महिला आरक्षणातली पहिली खेप आमची. जिल्ह्याचं नाव सांगत नाही.

माझ्या गटातल्या एका वाडीवरची शाळा गळायची. तीन अर्ज झाले होते माझ्या आधी, तिन्हींना आवक क्रमांक मिळालेला. जुलैत शाळेत गेले तर बाईंनी हजेरीपट दाखवला. पानं एकमेकांना चिकटलेली, शाई फुटून मुलांची नावं निळ्या डागात गेलेली. तो तसाच ओला, पिशवीत घालून सभेला नेला आणि कार्यकारी अभियंत्यांच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, यातली नावं वाचून दाखवा. सभागृह गप्प. दिवाळीआधी पत्रे बदलले.

आता तोच हजेरीपट कुठल्या टेबलावर ठेवायचा, हे मला लिपिकभाऊंनी सांगावं. आत जायला चिठ्ठी पाठवावी लागते आणि साहेब व्हीसीत (व्हिडिओ बैठकीत) असतात.

रोखठोक_कऱ्हाकाठ

ताई, तुम्ही अपवाद. आमच्या गटात निवडून आल्या त्या वहिनी आणि सदस्य म्हणून फिरले त्यांचे मिस्टर. गाडीवर पाटी 'जि. प. सदस्य', आत मिस्टर. बैठकीच्या नोंदवहीत सही वहिनींची, अक्षर मिस्टरांचं.

माझा मुद्दा वेगळाच आहे. हा मधला मजलाच पाडा ना! नाईक समितीच्या वेळी झेडपी म्हणजे खरंच मिनी मंत्रालय होतं. आता पैसा जिल्हा नियोजन समितीत, तिच्या डोक्यावर पालकमंत्री. पंधराव्या वित्त आयोगाचे ८० टक्के थेट ग्रामपंचायतीला, झेडपीला १० आणि पंचायत समितीला १०. त्या १० टक्क्यांसाठी एका गटात किती बोकड कापले जातात ते पारावर विचारा. ग्रामपंचायत ठेवा, जिल्ह्याला अधिकारी ठेवा, मधलं सगळं बंद.

माणकाठ

त्या १० टक्क्यांचीच गंमत बघा. निवडून आलेली मंडळी नाहीत म्हणून वित्त आयोगाचा झेडपी-पंचायत समितीचा तो वाटाही अडकला. मजला पाडण्याआधी वरून पडणारं पाणी कुणी तोडलं ते बघू.

वैनगंगा

विदर्भातून लिहितोय. धागाकर्त्यानं सगळं खापर आमदारांवर फोडलं, पण ४ मार्च २०२१चा निकाल एका ओळीतसुद्धा नाही. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ओबीसी आरक्षण हवं तर समर्पित आयोग, आकडेवारी आणि एकूण ५० टक्क्यांची मर्यादा, तिन्ही गोष्टी पाळा. आकडेवारी नव्हती. अशा वेळी घाईनं निवडणूक घेतली असती तर ओबीसींच्या जागा गेल्या असत्या.

हे हवेत बोलत नाही. भंडारा-गोंदियात निवडणुका झाल्यात. २१ डिसेंबर २०२१ला मतदान, पण ओबीसींच्या जागा ऐन वेळी थांबवल्या. १८ जानेवारीला त्याच जागा खुल्या करून मतदान घेतलं. ज्यानं आरक्षित जागा समजून महिनाभर सायकली झिजवल्या, त्याच्या दारात अचानक खुल्या प्रवर्गातले तगडे उमेदवार उभे. तुमच्याकडे प्रशासक आला, आमच्याकडे सभागृह आलं, पण आमच्यातल्या काहींची खुर्ची काढून. सांगा, कुठलं बरं?

माणकाठ

वैनगंगा, हा मुद्दा मी सोडायला नको होता. तुमच्याकडं जे झालं त्यावर माझ्याकडं सोपं उत्तर नाही.

तरी एक सांगतो. मे २०२२मध्ये मध्य प्रदेशच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं म्हटलं होतं, या कारणासाठी निवडणुका अडवून ठेवू नका. आपल्याकडं त्या वर्षी काय चाललं होतं? एका सरकारनं सदस्यसंख्या ५० ते ७५ ची ५५ ते ८५ केली, गटरचना नव्यानं सुरू. सरकार बदललं, दुसऱ्यानं ती परत ५० ते ७५ केली, गटरचना पुन्हा पहिल्यापासून. आकडेवारीसाठी थांबलो हे निम्मं खरं. उरलेला वेळ नकाशे खोडण्यात गेला.

वैनगंगा

नकाशांचं मान्य. पण निम्मं खरं म्हणजे निम्मं खरं आहेच. पुढच्या वेळी धाग्यात आधी ते लिहा.

गटातली_बाई

रोखठोक, तुमच्या मिस्टरांच्या पाटीबद्दल. पहिलं वर्षभर माझेही मिस्टर बैठकीला यायचे, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या वर्षी शिपायानं त्यांना दारात अडवलं, कारण मीच त्याला तसं सांगितलं होतं. आठ दिवस घरात अबोला. मग सवय झाली. कामकाज जरा कळायला लागलं तोवर तिसरं वर्ष उजाडलं, आणि पाचव्या वर्षी आरक्षण फिरलं, गट दुसऱ्या प्रवर्गाला गेला. आता तीन वर्षं कुणीच नाही, म्हणजे माझ्या मागून येणाऱ्या बाईला ती दोन वर्षंसुद्धा मिळायची बंद.

रोखठोक_कऱ्हाकाठ

अबोल्याचं वाचून हसलो. मजला पाडायचं मत कायम आहे, पण तुमच्यासारखी उभी राहिली तर मत देईन.

तलाठी_नव्हे_लिपिक

मोर्चे निघाले का असं मी वर विचारलं होतं, त्याला कुणी उत्तर दिलं नाही. असो.

मागच्या महिन्यात पेन्शनच्या कामाला जुन्या ऑफिसात गेलो होतो. सभागृहाचं दार उघडं होतं म्हणून डोकावलो. अध्यक्षांच्या खुर्चीवर पंख्याची फुटकी पाती ठेवलेली, खाली आधार दुरुस्तीचं शिबिर चाललेलं. भिंतीवरच्या अध्यक्षांच्या लाकडी फलकावर शेवटचं नाव तेच, त्याखाली रंगाऱ्यानं आधीच आखून ठेवलेल्या चार रेघा कोऱ्या. शिपाई ओळखीचा निघाला. म्हणाला, साहेब, तुम्हाला कुणाला भेटायचंय? मी म्हटलं, कुणालाच नाही.