पोर्ट इंजेक्शनला जुनाट म्हणणाऱ्यांनी आधी बॉनेट उघडावं

पिस्टनपंत: काल एकाने लिहिलं, "डायरेक्ट इंजेक्शन नसेल तर परफॉर्मन्सच्या गप्पा मारू नयेत." अहो, डायरेक्ट म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, ते १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलमध्येच होतं! चावी बंद केली तरी इंजिन थांबेपर्यंत तिचा पंप पेट्रोल सोडायचा आणि ते ऑइलमध्ये उतरायचं. तो रोग गेला, पण हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवरच्या कार्बनचं काय? पोर्टमध्ये पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत, व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतं, ती धुऊन निघते. डायरेक्टमध्ये धुणार कोण? माझ्या टर्बो गाडीचे व्हॉल्व्ह ७० हजार किलोमीटरला बघितले, तर करपलेल्या भाकरीची कळा. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून साफ केले. बिल विचारू नका.

टर्बोबाळ: ते वाक्य माझंच, आणि मी ठाम आहे. पोर्टमधलं पेट्रोल बरीच उष्णता धातूतून घेतं. डायरेक्टमध्ये सिलिंडरमधलीच हवा गार होते, नॉक (इंधन अवेळी पेटून होणारी ठोकठोक) कमी, म्हणून टर्बोवरही कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबायचं प्रमाण, चढं ठेवता येतं. फॉर्म्युला वनने २०१४ मध्ये ५०० बारपर्यंतच्या दाबाचं डायरेक्ट उगाच आणलं का?

पिस्टनपंत: त्यांचं इंजिन मोजक्या शर्यतींपुरतं असतं. माझ्या गाडीचे हप्ते अजून फिटायचेत.

सौ_आरपीएम: दोघेही वेळ विसरताय. ७००० आरपीएमला (मिनिटाला ७००० फेरे) सक्शन स्ट्रोक, म्हणजे हवा ओढायचा वेळ, ४.३ मिलिसेकंदांचा. पोर्ट इंजेक्टरला अख्खं चक्र मिळतं, १७ मिलिसेकंद. म्हणून तिकडे ३-४ बारवर भागतं, इकडे २००-३५० लागतात. पॉवर वाढवायची तर पोर्टला मोठे इंजेक्टर टाका, कॉम्प्युटरमधला इंधनाचा मॅप बदला. डायरेक्टला हाय-प्रेशर पंपही कमी पडतो. आणि बाळ, पिएझोचं (स्फटिकावर चालणाऱ्या झटपट इंजेक्टरचं) कौतुक सुरू करायच्या आत सांगते, बीएमडब्ल्यू एन५४ इंजिनाला पिएझो देऊन पुढच्या एन५५ ला साध्या विद्युतचुंबकी सोलेनॉइडवर परत आली.

घाटवाट: इंजेक्टर सोन्याचा बसवा हो, पंपावर मिळणार बहुधा ई२०च, वीस टक्के इथेनॉलवालं. लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जाच तिसऱ्या हिश्श्याने कमी. माझी जुनी गाडी सकाळी खोकते. साखर कारखाने जगवायला आम्ही मरायचं?

उसाचा_फड: आलात का उसावर? कोल्हापूरकडं या, पाण्याच्या पाळीला रात्री दोनला उठून बघा. इथेनॉल सुरू झाल्यापासनं आमच्या घरी उसाचं बिल वेळेवर येतंय. गाडी खोकते तर प्लग बदला की!

घाटवाट: प्लग बदलले. इंजेक्टर साफ केले. मेकॅनिकने 'ओरिजनल' म्हणून एक नवाही दिला. डबी तेवढी ओरिजनल होती.

उसाचा_फड: मग मेकॅनिकला शिव्या घाला. उसानं काय घोडं मारलंय?

घाटवाट: साधं पेट्रोल घ्यायची सोय तरी ठेवायची होती! जवळपास पर्यायच नाही, हा माझा राग आहे.

उसाचा_फड: एवढं पटलं. एवढंच.

टर्बोबाळ: अवांतर थांबवा. तसं ट्यूनिंगला इथेनॉल चांगलंच. ऑक्टेन, म्हणजे नॉक रोखायची ताकद, शंभराच्या वर, गारवाही जास्त. ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉलच्या ई८५ ला मात्र तीस-चाळीस टक्के जादा इंधन ओतावं लागतं.

सौ_आरपीएम: आणि तेवढं ओतायला डायरेक्टवाले पोर्टचेच जादा इंजेक्टर बसवतात. टोयोटाने २००५ मध्ये लेक्सस आयएस ३५० ला कारखान्यातूनच दोन्ही दिले होते.

टर्बोबाळ: बरं बाई. 'जुनाट' मागे घेतो. 'सहायक कलाकार' म्हणतो.

पिस्टनपंत: सहायक? ७० हजारांना भेट. भुगा मी देईन.