मोशीच्या प्रदर्शनाला बाबांना न्यायचंय, एका दिवसात कसं जमवू? (मदत हवी आहे, घाईत आहे)

कोरेगावकर_८७
नमस्कार मंडळी, प्रदर्शन चालू होतंय आणि बाबांनी यंदा काहीही करून जायचंच असं धरलंय. मागच्या वेळी आमचे फार हाल झाले म्हणून आधीच विचारतोय. गाडी आतपर्यंत जाते का? बसायला सोय आहे का? कुठल्या वारी गर्दी कमी असते? ज्यांनी स्वतः अनुभव घेतलाय त्यांनीच सांगा प्लीज, मला आजच सुट्टी टाकायचीय.

स्पाइनरोडवाला
कुठलं प्रदर्शन? मोशीला आता सारखं काही ना काही भरतं, गाड्यांचं, बांधकामाचं, शेतीचं. आणि येणार कुठून? नाव कोरेगावकर आहे म्हणजे सातारचं कोरेगाव, पुण्याचं कोरेगाव पार्क का कोरेगाव भीमा?

कोरेगावकर_८७
शेतीचं हो, डिसेंबरातलं. सातारचं कोरेगाव. बाबा आदल्या दिवशी एसटीने माझ्याकडे वाकडला येतील, तिथून निघायचं.

मृणाल_ताई
बाबांचं वय काय? चालता येतं का नीट? हे न सांगता कोण काय सांगणार. आणि मागच्या वेळी नक्की काय झालं होतं?

पिंपरीकर_अण्णा
गाडी नेऊच नका. मेट्रोने पिंपरीला उतरा आणि तिथून रिक्षा करा. जुन्या नकाशात भोसरी मेट्रो स्टेशन दिसलं म्हणून तिथं उतरू नका, ते भोसरी गावात नाहीच, नाशिक फाट्याला आहे. माझे साडू तिथं उतरून तासभर बस शोधत बसले होते.

स्पाइनरोडवाला
अण्णा, वाकडवरून मेट्रोला यायचं म्हणजे आधी रिक्षा, मग मेट्रो, मग परत रिक्षा, म्हातार्‍या माणसाला इतकं चढउतार कशाला? सरळ गाडी काढा, काळेवाडी चिंचवड करत स्पाइन रोडला लागा आणि मोशीत निघा. नाशिक फाटा भोसरी मार्गे अजिबात नको, सकाळी त्या रस्त्याला चाकणकडं जाणारे कंटेनर आणि कंपन्यांच्या बसा असतात.

पिंपरीकर_अण्णा
आणि पार्किंगमधून गेटपर्यंत चालायचं ते कोण मोजणार? रिक्षावाला गेटवर सोडतो.

कोरेगावकर_८७
वय ७१. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन चालतात पण अर्ध्या तासाने बसावं लागतं. हे आधीच लिहायला हवं होतं, गडबडीत राहिलं. मागच्या वेळी रविवारी गेलो होतो. मी पाणी आणायला गेलो आणि परत आलो तर बाबा जाग्यावर नाहीत. फोन लागेना, त्या गर्दीत रेंजच नव्हती. दोन तास मी एकेक मंडप पालथा घातला, घशाला कोरड पडली होती, वाईट वाईट विचार येत होते. शेवटी एका ठिबकच्या स्टॉलमागे पाइपांच्या गुंडाळीवर बसलेले सापडले, काठी मांडीवर आडवी, हातात चहाचा कागदी कप आणि पायातल्या चपला काढून शेजारी नीट जोडून ठेवलेल्या. गुडघा टरटरून सुजला होता. मला बघून एवढंच म्हणाले, "आल्याच्या पिकाचं मशीन बघायचं राह्यलं रे." तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही.

मृणाल_ताई
वाचून गलबलून आलं. दादा, एक करा. घडीचं हलकं स्टूल मिळतं ते बरोबर न्या, खांद्याला अडकवता येतं. मी सासूबाईंना भीमथडी जत्रेला तसंच नेते. आणि आत गेल्या गेल्या एक ठिकाण ठरवून टाका, चुकामूक झाली तर दोघांनीही तिथंच येऊन थांबायचं. बाबांच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, फोनच्या भरवशावर राहू नका.

सदाशिवपेठी
भीमथडीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, बाबांना तिकडेच न्या. सिंचननगरला शेती कॉलेजच्या मैदानावर असते, शिवाजीनगर मेट्रो स्टेशनपासून जवळ. २००६ पासून भरतेय, बचत गटाच्या बायकांच्या हातचे मांडे, हुरडा, शिपी आमटी, घोंगड्या, सगळं एका जागी.

मृणाल_ताई
अहो त्यांना मशीन बघायचंय, मांडे नाही.

सदाशिवपेठी
पूर्वी शेतीची प्रदर्शनंसुद्धा त्याच मैदानावर भरायची, गावाकडची माणसं शिवाजीनगर स्टँडला उतरून चालत यायची. ती सोय गेली हे माझं म्हणणं आहे.

दिल्लीतला_दादरकर
प्रगती मैदानाला १४ नोव्हेंबरपासून व्यापार मेळा असतो, एकदा जरूर दाखवा त्यांना. मेट्रो स्टेशनातून बाहेर पडलं की मैदान, फक्त स्टेशनचं नाव आता सुप्रीम कोर्ट झालंय. आमच्या शिवाजी पार्काची लाल धूळ आठवली की इथलं फरसबंद मैदान फार बरं वाटतं.

वीडरवाले_नाना
मी अवजारांचा स्टॉल लावतो म्हणून कामाचं सांगतो. शनिवार रविवार सोडून या आणि गेट उघडायच्या वेळेला या. पहिले दोन तास आमची पोरं मोकळी असतात, मशीन चालू करून दाखवतात, दुपारनंतर कोण कुणाला विचारत नाही. आत शिरल्यावर पहिल्या रांगेपासून बघत जाऊ नका, सगळे तिथंच अडकतात आणि पाय तिथंच संपतात. नकाशा घेऊन आधी अवजारांचा विभाग गाठा, बाकीचं नंतर. आता मला सांगा आलं किती आहे आणि बेड, म्हणजे गादीवाफा, किती फुटी?

कोरेगावकर_८७
दीड एकर आलं, माहीम जात. बेड साडेचार फुटी. खुरपायला आणि माती लावायला माणूस मिळत नाही, आईचं पण वय झालं, म्हणून बाबांना पॉवर वीडर, म्हणजे खुरपणीचं मशीन, बघायचाय.

वीडरवाले_नाना
मग घरून निघताना दोन बेडमधल्या सरीची रुंदी टेपने मोजून चिठ्ठीवर घ्या. चाकाची रुंदी सरीत बसली पाहिजे, नाहीतर बेड ढासळतो आणि गड्डे उघडे पडतात. मशीन बाबांच्या हातात देऊन वळवून बघा, वजन पेलतं का ते स्टँडवर उभं असताना कळत नाही.

आले_हळद_वाई
नानांचं बरोबर आहे पण जाग्यावर बुकिंग करू नका. अनुदान घ्यायचं असेल तर आधी महाडीबीटीवर (सरकारचं अनुदानाचं पोर्टल) अर्ज, मग पूर्वसंमती, त्यानंतरच खरेदी. आधीचं बिल चालत नाही, माझ्या भावाचं तसंच गेलं. अल्पभूधारकाला ५० टक्के, बाकीच्यांना ४० टक्के मिळतं, पण कमाल मर्यादा असते. फार्मर आयडी काढलाय का?

कोरेगावकर_८७
आयडी आहे. पूर्वसंमतीचं माहीतच नव्हतं, खरंच आभारी आहे, बाबा तर रोख पैसे घेऊन येणार होते.

पिंपरीकर_अण्णा
गाडी का रिक्षा ते सांगा मग.

कोरेगावकर_८७
स्पाइन रोडने गाडी, अण्णा रागावू नका. गेटवर बाबांना आणि बायकोला उतरवून मी एकटा पार्किंगला जाईन. गुरुवारची सुट्टी टाकली. आत्ताच घरी फोन केला, बाबा टेप घेऊन रानात गेलेत.