चिनी मातीची उत्तम भांडी नेमकी कुठे घडतात?

प्रश्न: चिनी मातीच्या भांड्यांचा व्यवसाय ठरावीक गावांतच का रुजला, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: पहिला मान निःसंशय चीनमधील जिंगदेझेनचा. केओलिन ही पांढरी माती, भट्ट्यांसाठी पाइनचे लाकूड आणि नाजूक माल सुखरूप वाहून नेणारी नदी, असे सारे तिथे जुळून आले. सुमारे १३०० अंश सेल्सिअसवर भाजलेले उत्तम भांडे इतके पातळ असते की ते उजेडासमोर धरल्यास मागच्या बोटांची सावली दिसते. युरोपात जर्मनीतील माइसेनचा कारखाना निघाला तो १७१० मध्ये.

उत्तर २: इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंटला विसरून चालणार नाही. पांढरी माती कॉर्नवॉलहून आणावी लागे. तरीही भट्टीला मातीपेक्षा कितीतरी अधिक कोळसा लागत असल्याने कारखाने खाणींजवळच राहिले. बोन चायनाचे हे माहेरघर. त्यात जनावरांच्या हाडांची राख जवळपास निम्मी असते, आणि माझ्या मते त्याच्या उबदार शुभ्रतेला तोड नाही.

उत्तर ३: फ्रान्समधील लिमोज आणि जपानमधील आरिता येथे मात्र योग्य कच्चा माल जवळपास सापडल्यावरच हा व्यवसाय उभा राहिला.