बी-२०४चं लेकरू, राणी आणि काळू

(परभणी, सोसायटीचा ग्रुप, डिसेंबर)

शुक्रवार

बी-२०४: नमस्कार मंडळी. पाणी-पार्किंग सोडून जरा घरचा विषय काढतोय. मुलगी झाल्याचे पेढे तुम्ही खाल्लेच. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी सव्वा महिना होतोय, दुसऱ्या दिवशी रविवारी मायलेकींना सेलूहून घेऊन येतोय. घरात राणी आणि काळू आहेत हे सगळ्यांना माहीत आहे (ज्यांच्या स्कूटीच्या सीटवर काळूच्या नख्या उमटल्यात त्यांना जरा जास्तच). आई म्हणायलीय, लेकरू उंबरा ओलांडायच्या आत मांजरं गावाकडं मळ्यात सोडून ये. बायको म्हणते, मांजरं गेली तर मी सेलूतच राहते. मधे मी. कुणाच्या घरी तान्हं लेकरू आणि मांजर एकत्र राहिलंय का?

बी-३०४ वहिनी: आमच्या माहेरी होती. माझा भाऊ महिन्याचा असताना ती रोज त्याच्या पायाशी येऊन झोपायची म्हणे. काही झालं नाही. पण आई आजही सांगताना छातीवर हात ठेवते.

ए-२०१: सोडून या भाऊ. लेकरापुढं मांजर काय मोठं.

बी-१०१ आजी: (आजी बोलायल्या, मी टाइप करतोय - नातू) मांजर लेकराच्या तोंडावर जाऊन बसतं. तोंडाला दुधाचा वास असतो ना. आमच्या गावात ओसरीवर लेकरू कधी एकटं टाकलं नाही, टोपलं पालथं घालायचो नाहीतर जवळ बसून राहायचो. जिवापेक्षा लाड मोठे नाहीत.

बी-१०१ आजी: आणि मांजर मारू बिरू नका. काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं.

बी-२०४: आजी, मारायचा विषयच नाही 🙏

ए-३०२ नर्सताई: आत्ताच ड्युटीवरून आले, सगळं वाचलं. आजींची भीती बरोबर आहे, कारण तेवढं वेगळं आहे. मांजर दुधासाठी येत नाही, उबेसाठी येतं. सध्या पहाटे परभणीत काय गारठा पडतोय बघा. या थंडीत घरातली सगळ्यात उबदार जागा कोणती? दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू. मांजर तिथं जाणारच, त्यात त्याचं वाईट काही नाही. पण सव्वा महिन्याच्या लेकराला मान धरता येत नाही, तोंडावरचं काही बाजूला सारता येत नाही. तीन-चार किलोचं मांजर छातीला नाहीतर तोंडाला टेकून झोपलं तर लेकरू रडूसुद्धा शकत नाही. म्हणून लेकरू झोपलेल्या खोलीत मांजर नको. दिवसा नको, रात्री नको, "दोन मिनिटं बाथरूमला जाऊन येते" तेवढ्यातही नको. बाकी सगळ्या गोष्टींवर वाद घाला, यावर नाही.

बी-२०४: छत्रीसारखी उघडते ती मच्छरदाणी घेतलीय. ती लावली तर?

ए-३०२ नर्सताई: ती डासांसाठी आहे. मांजर वरून उडी मारतं, काड्या वाकतात आणि जाळी मांजरासकट लेकराच्या तोंडावर. उलट ताणलेली जाळी म्हणजे मांजराला झोपाळाच.

बी-२०४: [फोटो]

बी-२०४: हे आजचं. झोळी काल टांगली.

बी-३०४ वहिनी: अगं माय 😂 राणी पूर्ण आत. नुसते कान दिसायलेत.

सेक्रेटरी सर: सर्व सदस्यांनी नोंद घ्यावी, उद्या सकाळी ९ ते ११ लिफ्टची दुरुस्ती आहे. चर्चा चालू द्या.

सी-१०२ (व्हेटर्नरीचा): सर, मी सी-१०२, आम्ही तिघं भाड्यानं राहतो, इथल्या व्हेटर्नरी कॉलेजला शेवटच्या वर्षाला आहे. बोलू का?

बी-२०४: अरे बोल की, तुझीच वाट बघत होतो.

सी-१०२ (व्हेटर्नरीचा): पहिली गोष्ट, झोळीत तिला बसू देऊ नका. आता आठ दिवस "माझी जागा" म्हणून झोपली आणि नवव्या दिवशी हाकललं, तर तिला कळणार नाही काय बिघडलं. झोळी सोडून ठेवा, नाहीतर आत ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा. पायाखाली ती कुरकुरली की बहुतेक मांजरं परत फिरकत नाहीत. लेकरू यायच्या आधी मात्र फॉइल आठवणीनं काढा.

दुसरी, मळ्यात सोडायचं डोक्यातून काढा. घरातल्या वाटीत खाल्लेलं मांजर मळ्यात उंदीर धरून जगेल हा आपला समज. कुत्री असतात, रस्ता असतो. शिवाय उपाशी मरेल अशा ठिकाणी प्राणी टाकून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे.

तिसरी, मला विचाराल तर तुमच्याकडं "मांजरं" हा एक प्रश्न नाही. राणीचा वेगळा, काळूचा वेगळा. राणीची लस कधी?

बी-२०४: राणीचं कार्ड आहे. रेबीजची जूनमध्ये झाली, मांजरांची दुसरी लस पण. नसबंदी झालीय. ती घराबाहेर जातच नाही. काळू पावसाळ्यात जिन्यात सापडला. त्याची एकही नाही 😐

सी-१०२ (व्हेटर्नरीचा): तेच म्हणत होतो. काळू रात्रभर बाहेर, दुसऱ्या बोक्यांशी मारामाऱ्या, कानाला जखम मीच बघितलीय. उद्या त्याला कॉलेजच्या दवाखान्यात घेऊन या, रेबीजची लस देऊ. पण लस टोचली की त्याच दिवशी निर्धास्त होता येत नाही, पहिल्या लसीला साधारण महिना धरतात. जंताचं औषध दोघांनाही. पिसवा बघाव्या लागतील, कारण मांजराच्या नखातून जो ताप येतो त्याचे जंतू पिसवांच्या घाणीतूनच नखात बसतात. कुठं केस गेलेला गोल चट्टा असेल तर आधी दाखवा, गजकर्ण लेकरांना लगेच लागतं. आणि मेडिकलवरून कुत्र्याचं पिसवांचं औषध आणून मांजराला लावू नका. त्यातल्या काहींत पर्मेथ्रिन असतं, मांजराला ते विष आहे, झटके येतात.

बी-२०४: नसबंदी पण करून टाकू का लगेच?

सी-१०२ (व्हेटर्नरीचा): करायचीच आहे, पण या आठवड्यात नको. टाके पडलेला बोका आणि नवं लेकरू एकाच दिवशी घरात नको. आणि करूनही त्याचं मुतून खुणा करणं कमी व्हायला काही आठवडे लागतात.

सी-४०२: एक विचारू? माझा चौथा महिना चालू आहे. आमच्याकडं पण एक येते दुधाला. सासूबाई म्हणतात मांजरानं गर्भाला धोका असतो. आता २०४च्या लेकराला पण तो धोका आहे का?

सी-१०२ (व्हेटर्नरीचा): ताई, ते टोक्सोप्लाझ्मा, मांजराच्या विष्ठेतून येणारा एक परजीवी जंतू. तो धोका तुमचा आहे, २०४च्या बाळाचा तसा नाही. गरोदरपणात आईला पहिल्यांदा लागण झाली तर ती पोटातल्या बाळापर्यंत पोचू शकते. मांजराला हात लावल्यानं सहसा होत नाही, विष्ठेतून होतो. त्यातही ताजी विष्ठा लगेच लागण करत नाही, त्यातल्या अंड्यांना पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजराची वाळू रोजच्या रोज साफ करायची, आणि ते काम तुम्ही नाही, घरातल्या दुसऱ्या कुणी करायचं. कुंड्यांची माती हाताळताना हातमोजे घाला. आणि खरं सांगू, अर्धवट शिजलेलं मटण आणि न धुतलेली कोथिंबीर यांच्याकडं कुणी बघतच नाही, तिथूनही तेच येतं. तुमच्या डॉक्टरांना विचारून रक्ताची तपासणी करता येईल.

सी-४०२: मग आजपासून ह्यांच्याकडं ड्युटी 😄

निवृत्त शिक्षक काका (ए-१०२): आजींना एक विचारायचं आहे. पाचवीला आपण सटवाई पुजतो. ती सटवाई म्हणजे षष्ठीच. आणि षष्ठीचं वाहन कोणतं? मांजर! बंगालात तर मूर्तीशेजारी मांजर असतं. लेकरं राखणारी देवी मांजरावर बसून येते आणि आपण मांजर मळ्यात पाठवायचं?

बी-१०१ आजी: (आजी हसायल्यात) देवीला म्हणावं मांजर दाराबाहेर बांध आणि आत ये.

ए-३०२ नर्सताई: आजी 👏 हेच मी पाऊण तास टाइप करत होते.

ए-२०१: पण केसांचं काय? श्वासात जाऊन दमा होतो म्हणतात.

ए-३०२ नर्सताई: केस छातीत जाऊन साठत नाहीत. ज्यांना त्रास होतो त्यांना मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाचा होतो. लेकराची पथारी रोज झटका, खोली ओल्या फडक्यानं पुसा. आणि केसांची एवढी काळजी आहे तर त्याच खोलीत गोवऱ्यांची शेगडी ठेवून ओव्याची धुरी देता ते काय? मध चाटवता ते? वर्षाच्या आत मध अजिबात नाही. राईची उशी पण नको. पाठीवर, सपाट अंथरुणावर, उशीशिवाय झोपवा.

बी-१०१ आजी: आम्ही पाच लेकरं शेगडीवरच शेकून मोठी केली.

ए-३०२ नर्सताई: हो आजी, उद्या येते चहाला, बोलू.

शनिवार

बी-२०४: काळूला लस झाली. जाताना पिंजऱ्यात असा ओरडला की रिक्षावाल्यानं दोनदा मागं वळून बघितलं. पिसवा निघाल्या. घर आता फिनाईलनं धुऊन काढतोय.

सी-१०२ (व्हेटर्नरीचा): फिनाईल नको सर! मांजरं त्या फरशीवरून चालतात आणि पाय चाटतात, त्यांच्या यकृताला फिनॉल पेलवत नाही. साबणाचं पाणी पुरे.

बी-२०४: बरं झालं सांगितलं, बादली भरलीच होती.

बी-२०४: आता मुख्य अडचण. खोलीचं दार लावून घ्यायचं तर आई म्हणते लेकरू रडलेलं स्वयंपाकघरात ऐकू येणार नाही. उघडं ठेवायचं तर राणी.

ए-४०१: जाळीचं दार बसवा की. आमच्याकडं आहे. आवाज येतो, वारा येतो, मांजर येत नाही. मार्च-एप्रिलात कूलर लागेल तेव्हा दार बंद करून गुदमरायला होईल, त्यालाही बरं. फक्त नायलॉनची जाळी घेऊ नका, नखानं चिरते. स्टीलची घ्या.

बी-२०४: सुतार आहे का कुणी ओळखीचा?

ए-४०१: नंबर तुम्हाला वेगळा पाठवतो.

मंगळवार

बी-३०४ वहिनी: २०४, लेकरू आलं का हो? रडायचा आवाज यायलाय. सांगितलं पण नाही!

बी-२०४: नाही वहिनी, मोबाईल आहे. सी-१०२नं सांगितलंय, लेकराच्या रडण्याचं रेकॉर्डिंग हळू आवाजात लावायचं आणि तेव्हाच मांजरांना खायला द्यायचं. मी चुकून मोठ्यानं लावलं. राणी कपाटामागं गेलीय, अजून निघाली नाही.

सी-१०२ (व्हेटर्नरीचा): सर, *हळू* म्हणालो होतो. सेलूहून लेकराचं वापरलेलं दुपटं आणलंत का?

बी-२०४: मेहुणा काल देऊन गेला. हॉलमध्ये ठेवलंय. राणीनं वास घेतला, शिंकली, शेजारी बसून खाल्लं. काळू दुपट्यावरच बसला.

सी-१०२ (व्हेटर्नरीचा): राणी पास. काळूचं मी रूममेटशी बोललोय, लसीचा महिना भरेपर्यंत त्याला आमच्याकडं ठेवा. बाल्कनीला कबुतरांची जाळी आहे, बाहेर जाणार नाही. तोवर त्याची नसबंदी पण उरकू.

बी-२०४: खरंच? 🙏 खाण्याचा खर्च माझा.

सी-१०२ (व्हेटर्नरीचा): खाण्याचा तुमचा, अब्रूचा आमचा. घरमालकाला ग्रुपवर ॲड करू नका म्हणजे झालं.

सेक्रेटरी सर: घरमालक ग्रुपवर आहेत.

सी-१०२ (व्हेटर्नरीचा): 🙈

घरमालक (सी-१०२): एक महिना चालेल. सोफा फाटला तर डिपॉझिटमधून.

ए-३०२ नर्सताई: २०४, एक सेव्ह करून ठेवा, लागू नये पण. लेकराला ओरखडा नाहीतर दात लागला तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून. हळद नाही, चुना नाही, तंबाखू नाही, वर पट्टी आवळायची नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात. रक्त आलं असेल तर रेबीजच्या लसीबरोबर जखमेत सिरमही (तयार प्रतिपिंडं) देतात. लहान लेकरांना लस मांडीत देतात, कुल्ल्यावर नाही. पहिली झाली की तिसऱ्या, सातव्या आणि पुढच्या तारखा कागदावर लिहून मिळतात, एकही चुकवायची नाही. "घरचंच मांजर आहे" म्हणून घरी बसायचं नाही.

बी-२०४: प्रिंट काढून फ्रिजवर लावतो ताई.

शनिवार

बी-२०४: [फोटो]

बी-२०४: दार बसलं. साडेतीन हजार सांगत होता, तीनवर आला. खाली दोन बोटं फट राहिली होती, राणीनं कोपरापर्यंत पंजा आत घातला. त्याला परत बोलावून खालून पट्टी मारून घेतली. दोघांची नखं कापली, माझ्या हातावर सहा ओरखडे (काळूचे चार). धुतले, १५ मिनिटं, घड्याळ लावून. काळूला लस नुकतीच झालीय म्हणून ताईंनी मलाच दवाखान्यात पिटाळलं, माझी पहिली सुई झाली. आई म्हणाली, लेकराच्या आधी बापाची.

बी-१०१ आजी: (आजी विचारायल्यात, तुझी आई काय म्हणाली शेवटी?)

बी-२०४: आईच्या तीन अटी. मांजर खोलीत नाही. मांजराची वाळू ती काढणार नाही. आणि लेकरू रांगायला लागलं की मांजराच्या वाट्या आणि वाळू ओट्याच्या पलीकडं, पोहोचणार नाही तिथं. मी तिन्हींवर सही केली.

रविवार

बी-२०४: आलो. लेकीचं औक्षण झालं, झोपलीय. राणी जाळीबाहेर बसलीय, शेपटी पायाभोवती गुंडाळून. अर्धा तास झाला. आई आतून तिच्याकडं बघायलीय, ती बाहेरून आईकडं.

बी-३०४ वहिनी: फोटो टाका!

बी-२०४: लेकीचा सव्वा महिन्यानंतरच टाकायचा असं आईनं सांगितलं होतं, तो काल झाला. पण आता म्हणते तीट लावू द्या आधी.

सी-१०२ (व्हेटर्नरीचा): काळू ठीक आहे. रूममेटच्या हेल्मेटमध्ये झोपलाय. रूममेट कॉलेजला चालत गेला.

ए-२०१: तो जाळीच्या दाराच्या सुताराचा नंबर मला पण पाठवा. आमच्याकडं डास लई झालेत.