ट्रेमधला आयकॉन: कायम हवा की मेसेज आल्यावरच?

कोकमसार: काल एकाने लिहिलं, "चॅटचा आयकॉन घड्याळाशेजारच्या ट्रेमध्ये कायम कशाला? न वाचलेला मेसेज असेल तेव्हाच दिसावा, डिफॉल्ट तोच हवा." झोपायला चाललो होतो, पण राहवेना. पिजिन या चॅटच्या प्रोग्राममध्ये पर्यायच तीन आहेत: नेहमी, मेसेज असेल तेव्हा, कधीच नाही. हवं त्याने हवं ते निवडावं. पण नवख्याला आधी आयकॉन दिसू दे की! बाबांना एक चॅट लावून दिलं होतं. त्यांनी फुली मारली, खिडकी गेली, आयकॉनचा पत्ता नाही. रात्री फोन: "तुझं ते पळालं." ते आत चालूच होतं!

अडकित्ता: तुमच्या बाबांसाठी सगळ्यांनी का सोसायचं? माझ्या ऑफिसच्या मशीनवर चौदा आयकॉन आहेत. जो तो म्हणतो मीच कायम दिसणार. विंडोज ११ नवे आयकॉन बाणामागे ढकलतं ते उगाच नाही.

भुईनळा: म्हणजे 'नेहमी' ठेवूनही दिसत नाही, झालं! लिनक्सवरच्या आमच्या नोम डेस्कटॉपची कथा ऐका. २०११ ला आयकॉन खालच्या पट्टीत लपवले, २०१७ ला ३.२६ मध्ये उरलासुरला ट्रेही काढला. उबुंटू लिनक्स ट्रेसाठी एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायचा तुकडा, देतं म्हणून निभावतंय.

कोकमसार: अडकित्ता, बाबांवर जाऊ नका.

अडकित्ता: बाबा तुम्हीच आणलेत. आणि त्यांचं चुकलं कुठे? फुली म्हणजे बंद! दुकानाचं शटर ओढायचं आणि मालक आत बसून हिशेब करतोय, हा काय प्रकार? खरा गुन्हेगार फुली आहे.

दीडशहाणा: 'ट्रे' नाही, मायक्रोसॉफ्टच्या भाषेत 'नोटिफिकेशन एरिया'.

भुईनळा: आलात का!

रातकिडा: फुलीने खरंच बंद झालं तर मेसेज येणार कसे? रात्रपाळीला मी सवयीने फुली मारतो. एकदा प्रोग्रामच बंद झाला, सर्व्हर पडल्याचा निरोप सकाळी वाचला. बोलणी मी खाल्ली, अडकित्त्यांनी नाही.

अडकित्ता: मग मिनिमाइझचं बटण काय शोभेला आहे?

रातकिडा: पहाटे तीनला कोण बघतं कुठलं बटण ते?

कोकमसार: अहो, प्रश्न आयकॉनचा होता!

अडकित्ता: बरं, ऐका. फुलीने नुसती खिडकी लपणार असेल तर आयकॉन कायम हवा, मान्य. फुलीने खरंच बंद होणार असेल तर नको. झालं समाधान?

कोकमसार: म्हणजे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं तेच, फक्त चौदा आयकॉन फिरून.

दीडशहाणा: त्या चौदातला एक घड्याळ धरलाय का?