प्रिसिजन मेडिसिनची जाण तपासणारी प्रश्नावली: सल्ला हवा

प्रश्न (एमबीबीएस तिसरं वर्ष, नाशिक)
नमस्कार. आमच्या कॉलेजात चार बॅचेस मिळून 600 विद्यार्थी आहेत. प्रिसिजन मेडिसिनबद्दल (रुग्णाच्या जनुकीय फरकावरून औषध ठरवणं) त्यांना किती माहिती आहे, याचा सर्व्हे गूगल फॉर्मवर घ्यायचाय. 'ऐकलंय का', 'महत्त्वाचं वाटतं का' असे 20 प्रश्न तयार आहेत. सॅम्पल किती धरू?

उत्तर १ (फार्माकॉलॉजी)
सॅम्पलच्या आधी प्रश्न बदला. 'ऐकलंय का' याला बहुतेक जण हो म्हणणार, त्यातून हाती काही लागत नाही. रुग्ण समोर ठेवा आणि निर्णय विचारा. क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) नियमित घेऊनही स्टेंटमध्ये गुठळी झाली, तर कोणतं जीन तपासाल? सीवायपी2सी19. त्यापासून बनणारं, औषध सक्रिय करणारं एन्झाइम कमकुवत असेल तर गोळी पोटात जाते, पण पुरेशी सक्रिय होत नाही. मग प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलोर या दुसऱ्या गोळ्यांचा विचार करायचा. अ‍ॅझाथायोप्रिनवर (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) एक प्रश्न ठेवाच. मुलं त्यासाठी टीपीएमटी हे जीन पाठ करून येतात. भारतीयांत मात्र एनयूडीटी15 या जीनमधले बदल जास्त आढळतात, आणि ते न तपासता पूर्ण डोस दिला तर पांढऱ्या पेशी झपाट्याने उतरतात.

उत्तर २ (कम्युनिटी मेडिसिन)
माहिती असणाऱ्यांचं प्रमाण 50 टक्के आणि 5 टक्के चूक धरली की सॅम्पल 384 येतं. 600 साठी दुरुस्ती केल्यावर 235, गळती 10 टक्के धरून 261. ग्रुपवर लिंक टाकू नका, ज्यांना विषयाची आवड आहे तेच भरतात आणि निकाल फुगतो. बॅचनिहाय रोल नंबर काढा, वर्गात बसवून फोन बाजूला ठेवून कागदावर घ्या. पायलट (आधीची छोटी चाचणी) नाशकातल्याच दुसऱ्या कॉलेजात 30 जणांवर करा. एथिक्स कमिटीची मंजुरी या सगळ्याच्या आधी.

प्रश्नकर्ता
धन्यवाद सर, मॅडम. जी6पीडी (लाल रक्तपेशींना जपणारं एन्झाइम) तपासणी यात बसेल का? ती जीन टेस्ट नाही ना?

उत्तर ३ (पॅथॉलॉजी)
नक्की बसेल. रुग्णाच्या जनुकीय फरकावरून औषध ठरतंय, मग मोजलं एन्झाइम असलं तरी चालेल. सुरगाण्याचा व्हायवॅक्स मलेरियाचा रुग्ण घ्या, प्रायमाक्वीन सुरू करण्याआधी काय तपासाल, असं विचारा (जी6पीडी कमी असेल तर या औषधाने रक्तपेशी फुटतात). पुढचा प्रश्न खरा कस लावणारा: रक्तपेशी फुटत असतानाच टेस्ट केली आणि नॉर्मल आली, तर? जुन्या, कमी एन्झाइमच्या पेशी आधी फुटतात. उरलेल्या कोवळ्या पेशींत एन्झाइम जास्त असतं, म्हणून आकडा फसवा येतो. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं.