बीटल्सचे लाल आणि निळे संकलन: जुनी गाणी स्वच्छ केली की बदलली?

काळी तबकडी (धागाकर्ता):

बीटल्सची '१९६२–१९६६' आणि '१९६७–१९७०' ही दोन संकलने एप्रिल १९७३ मध्ये निघाली आणि मुखपृष्ठांच्या रंगांमुळे लाल अल्बम व निळा अल्बम याच नावांनी ओळखली जाऊ लागली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती वाढवून, नव्या रूपात पुन्हा प्रसिद्ध झाली. लाल संचात पूर्वी २६ गाणी होती, ती आता ३८ आहेत. निळ्यात २८ होती, ती ३७ झाली आहेत. या आवृत्तीचे सर्वत्र कौतुक होत असताना माझा सूर वेगळा आहे, म्हणून हा धागा.

पहिली तक्रार शब्दाबद्दल आहे. या संचांना सरसकट 'रिमास्टर' म्हटले जाते आणि ते चूक आहे. रिमास्टर करणे म्हणजे पूर्वी तयार झालेले अंतिम मिश्रण (गळे आणि वाद्ये एकत्र करून बनवलेले रूप) घेऊन त्याची फीत काळजीपूर्वक वाजवणे, खरखर आणि टकटक कमी करणे, उंच-खोल स्वरांचा तोल किंचित सावरणे. २००९ साली अ‍ॅबी रोड स्टुडिओतल्या अभियंत्यांनी चार वर्षे खपून संपूर्ण बीटल्ससाठी हेच केले होते, आणि खरखर काढण्याचे तंत्र त्यांनी ५२५ मिनिटांपैकी ५ मिनिटांहूनही कमी भागावर वापरले होते. निर्माते जाइल्स मार्टिन आणि ध्वनी-अभियंते सॅम ओकेल यांचे लाल संचावरचे काम मात्र रीमिक्सचे आहे, म्हणजे त्या अंतिम मिश्रणाच्या मागे जाऊन आवाज, गिटार आणि ड्रम यांची मांडणी नव्याने ठरवण्याचे. मुखपृष्ठावरचे छायाचित्र स्वच्छ करणे वेगळे आणि जिन्याच्या कठड्यावरून खाली डोकावणाऱ्या त्या चौघांच्या जागा बदलणे वेगळे.

'शी लव्ह्ज यू' हे उदाहरण घ्या. १९६३ च्या त्या ध्वनिमुद्रणाच्या मूळ दोन-ट्रॅक फिती (गळे आणि वाद्ये वेगवेगळ्या पट्ट्यांवर असलेल्या) आज अस्तित्वात नाहीत, फक्त मोनो मास्टर, म्हणजे सगळे एकाच वाहिनीत मिसळलेली अंतिम फीत, उरली आहे. नव्या आवृत्तीत संगणकाने त्या एकजीव आवाजातून ड्रम, गिटार आणि गळे सुटे केले आणि मग ते स्टिरिओत, म्हणजे डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांत, पसरवले. आरंभीचा ड्रमचा तो धडाका मोनोमध्ये अंगावर येतो, कारण त्याच्या पाठोपाठ सगळे एकाच ठिकाणाहून, एकमेकांना रेटत, दारातून घुसणाऱ्या गर्दीसारखे आत शिरतात. नव्या मिश्रणात प्रत्येकाला ऐसपैस जागा दिली आहे आणि त्यामुळे ती रेटारेटीच संपली आहे. प्रत्येक वाद्य पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू येते हे मला मान्य आहे, पण हे गाणे स्पष्टपणासाठी केलेले नव्हते.

दुसरी तक्रार वाढवलेल्या गाण्यांची आहे. निवड म्हणजे काहीतरी सोडणे. त्या २६ गाण्यांना एक चढण होती आणि ती चढण ऐकत ज्यांनी हा बँड ओळखला, त्यांच्या दृष्टीने ही भर म्हणजे पोटभर जेवलेल्याला केलेला आग्रह आहे.

उजवा कान:

धागाकर्त्यांशी मी जवळजवळ पूर्णपणे असहमत आहे. माझे हे टोपणनावही त्याच जुन्या मिश्रणांमुळे पडले आहे, तेव्हा थोडे सविस्तर लिहितो.

बीटल्सचे पहिले दोन अल्बम दोन ट्रॅकवर मुद्रित झाले. एका ट्रॅकवर वाद्ये, दुसऱ्यावर गळे, ही व्यवस्था श्रोत्यांच्या दोन कानांसाठी केलेली नव्हती. पुढे मोनोत एकत्र करताना दोहोंचा तोल नीट साधता यावा एवढाच तिचा हेतू होता. तरीही ते दोन ट्रॅक जवळपास तसेच डावे आणि उजवे म्हणून विकले गेले. 'आय सॉ हर स्टँडिंग देअर' जुन्या स्टिरिओत ऐकताना माझ्या हेडफोनची डावी बाजू एकदा बंद पडली, आणि मी कितीतरी वेळ पॉल मॅकार्टनीचा गळा, दूरवरून झिरपणारा ठेका आणि बाकी पोकळी असे काहीतरी प्रयोगशील संगीत समजून ऐकत बसलो होतो. ज्या गोष्टीला पावित्र्य बहाल केले जाते, ती बरेचदा अशी सोयीपोटी झालेली असते.

शिवाय 'मूळ' म्हणजे नेमके कोणते? 'प्लीज प्लीज मी' या गाण्याची मोनो आणि स्टिरिओ रूपे वेगवेगळ्या टेकमधून, म्हणजे त्याच गाण्याच्या वेगवेगळ्या वेळी केलेल्या मुद्रणांतून, जोडलेली आहेत. स्टिरिओत शेवटच्या कडव्यात जॉन लेनन शब्द चुकतो आणि पुढच्या ओळीत त्याचे हसू दाबले जात नाही; मोनोत यातले काहीही नाही. 'आय अ‍ॅम द वॉलरस'ची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. सप्टेंबर १९६७ मध्ये त्याचे मोनो मिश्रण चालू असताना बीबीसी रेडिओवरचा 'किंग लिअर'चा प्रयोग थेट त्यात मिसळला गेला. तो रेडिओ कोणत्याही वेगळ्या ट्रॅकवर नव्हता, त्यामुळे स्टिरिओ आवृत्तीच्या उत्तरार्धात मोनो मिश्रणच जोडून त्याला स्टिरिओचा आभास द्यावा लागला. म्हणजे जे स्टिरिओ ऐकत आपण मोठे झालो, त्यात गाण्याच्या मध्यावर खोली अचानक आक्रसते. हा दोष करणाऱ्यांनाही ठाऊक होता. त्या काळी उपाय नव्हता, आज आहे, आणि तो करू नये असे म्हणणे मला हट्टाचे वाटते.

'सार्जंट पेपर'च्या काळापर्यंत बँडचे सगळे लक्ष मोनोवर असे आणि स्टिरिओ नंतर, बहुधा त्यांच्या गैरहजेरीत, उरकले जाई. असे उरकलेले काम पन्नास वर्षांनी कुणी सावकाश बसून पुन्हा केले, तर त्याला ढवळाढवळ कशी म्हणावी?

फीत:

दोन्ही प्रतिसादांत तांत्रिक बाजू थोडी अंधुक राहिली आहे, तेवढीच स्पष्ट करतो.

ज्या तंत्राने हे आवाज सुटे केले जातात, ते दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या चमूने २०२१ मधल्या 'गेट बॅक' या माहितीपट मालिकेसाठी विकसित केले. जानेवारी १९६९ च्या चित्रीकरणाच्या वेळचा बराचसा आवाज मोनो फितींवर होता, आणि गिटारच्या गोंगाटाखाली दबलेले बोलणे वर काढणे हे मुख्य काम होते. त्या संगणकीय प्रोग्रामला विशिष्ट वाद्याचा किंवा गळ्याचा आवाज कसा असतो हे शिकवले जाते आणि मग तो मिश्रणातून तेवढाच भाग उचलतो. २०२२ च्या 'रिव्हॉल्व्हर' संचासाठी हेच तंत्र संगीतावर वापरले गेले. 'टॅक्समन' चार ट्रॅकवर मुद्रित झालेले असले तरी त्यात ड्रम, बेस आणि गिटार एकाच ट्रॅकवर आहेत. त्यामुळे आजवर कुणालाही बेस किंचित वर आणायचा झाला तर ड्रमही सोबत वर येत असे. ही गाठ आता सुटते. जॉनच्या घरगुती कॅसेटवरचा आवाज पियानोपासून वेगळा करून 'नाऊ अँड देन' पूर्ण करता आले, तेही यामुळेच, आणि ते गाणे निळ्या संचात आहे.

आता धागाकर्त्यांच्या बाजूने एक मुद्दा. असे सुटे करणे कधीच शंभर टक्के निर्मळ नसते. झांजेचा नाद विरताना त्याचा काही अंश गळ्याच्या वाटणीला जातो, काही गिटारच्या. तिन्ही भाग पुन्हा एकाच जागी ठेवले तर कानाला फरक जाणवत नाही, पण ते जितके दूर पसरवावे तितकी ती फाटाफूट उघडी पडते. म्हणून 'शी लव्ह्ज यू'सारख्या मोनोतून ओढून काढलेल्या गाण्यात आणि मुळात चार ट्रॅक हाताशी असलेल्या गाण्यात फरक केला पाहिजे. पहिल्यात जोखीम मोठी आहे, दुसऱ्यात नगण्य. या दोहोंवर एकच शिक्का मारून भांडणे व्यर्थ आहे.

आणखी एक. निळ्या संचातली बरीच मिश्रणे नवी नाहीत. 'सार्जंट पेपर' (२०१७), 'व्हाइट अल्बम' (२०१८), 'अ‍ॅबी रोड' (२०१९) आणि 'लेट इट बी' (२०२१) यांच्या विशेष आवृत्त्यांतून ती जशीच्या तशी घेतली आहेत. त्यांच्यावर आक्षेप असेल तर तो तेव्हापासूनचा हवा.

सांजवात:

मला तंत्रातले कळत नाही, पण निवडीबद्दल बोलायचे आहे, कारण त्या बाबतीत धागाकर्ते आठवणींना प्रमाण मानत आहेत.

१९७३ च्या लाल अल्बममध्ये जॉर्ज हॅरिसनने लिहिलेले एकही गाणे नव्हते. सगळी २६ लेनन–मॅकार्टनी यांची. त्यामुळे ज्यांची ओळख केवळ त्या संकलनातून झाली, त्यांना जॉर्ज थेट निळ्या अल्बममध्ये एकाएकी उगवलेला दिसे. नव्या संचात 'टॅक्समन' आणि 'इफ आय नीडेड समवन' आल्याने ही उणीव भरून निघाली. इतरांची गाणी हा बँड कशी उचलून धरत असे याचाही जुन्या निवडीत पत्ता नव्हता. 'ट्विस्ट अँड शाउट'वाचून १९६३ सालच्या बीटल्सची ओळख पुरी होते असे कुणी म्हणू शकेल काय? आणि 'टुमॉरो नेव्हर नोज' वगळून १९६६ पर्यंतचा प्रवास दाखवणे ही मला चढण नव्हे, शिखराच्या अलीकडून परतणे वाटते.

निवडीचा निकष यांत्रिक ठेवला की काय होते, हे २००० सालच्या '१' या संकलनात दिसते. ब्रिटन किंवा अमेरिका यांपैकी एका ठिकाणी पहिल्या क्रमांकावर पोचलेली २७ गाणीच त्यात घेतली आहेत. परिणाम असा, की १९६७ साली ब्रिटनमध्ये एंगलबर्ट हम्परडिंकच्या 'रिलीज मी'मुळे दुसऱ्या क्रमांकावर अडकलेल्या तबकडीची एक बाजू, 'पेनी लेन', अमेरिकेतल्या यशामुळे आत आली आणि तिचीच दुसरी बाजू, 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर', बाहेर राहिली. त्यापेक्षा कुणीतरी कान वापरून केलेली सैल निवड केव्हाही बरी.

काळी तबकडी (धागाकर्ता):

सर्वांचे आभार. दोन गोष्टी मी मागे घेतो. जॉर्जबद्दलचे सांजवात यांचे म्हणणे बिनतोड आहे. इतकी वर्षे ऐकूनही ते माझ्या ध्यानात आले नव्हते, याची थोडी लाजही वाटते. आणि सुरुवातीच्या स्टिरिओ मिश्रणांची बाजू मी कधीच घेतली नव्हती, माझा आग्रह मोनोचा होता, पण पहिल्या पोस्टमधून तसे ध्वनित झाले असेल तर लिहिण्यात चूक माझी.

उरलेला मुद्दा मात्र सोडणार नाही. उजवा कान म्हणतात तसे त्यांचे सगळे लक्ष मोनोवर होते, हे खरे असेल, तर त्याचा न्याय्य निष्कर्ष नवे स्टिरिओ हा कसा निघतो? तो 'मोनो ऐकवा' असा निघायला हवा. ते कठीणही नाही, कारण २००९ चा मोनो संच लिमिटर (आवाजाची शिखरे दाबणारे साधन) न लावता तयार झाला आणि २०१४ च्या मोनो तबकड्या तर संगणकाला बाजूला ठेवून थेट फितीवरून कोरल्या गेल्या. म्हणजे ज्यांना आधीच सगळे ठाऊक आहे अशा संग्राहकांना मूळ मिळते, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या हाती जो लाल संच पडतो, त्यात पसरवलेले रूप असते. माझा आक्षेप नव्या मिश्रणाच्या अस्तित्वाला नाही, त्याला दिलेल्या जागेला आहे. संकलन हे दार असते आणि दारातच बदललेली वस्तू ठेवली आहे.

तबकड्यांच्या आवृत्तीत त्यांनी एक शहाणपणा केला, तोही नमूद करतो: पहिल्या दोन तबकड्यांवर १९७३ चा क्रम राखून भर घातलेली गाणी तिसरीवर ठेवली. सीडीवर मात्र सगळी कालक्रमाने मिसळून टाकली.

उजवा कान:

दाराचा मुद्दा मान्य करूनही विचारतो, की आज दार कोणासाठी आहे? बहुतेक जण दोन कानांत दोन बोंडे घालून ऐकतात. त्यांना मोनो दिले तर गाणे कपाळाच्या मधोमध अडकल्यासारखे वाटते. त्या मिश्रणामागे खोलीतला एकच स्पीकर गृहीत होता. तुमची ती रेटारेटी अनुभवायला तसाच स्पीकर हवा, आणि तो तुमच्याकडे असणार याची मला खात्री आहे.

एक कबुली देऊन थांबतो. 'वॉलरस'चा मी एवढा कैवार घेतला, पण काल रात्री नवे मिश्रण नीट ऐकले तेव्हा त्याचा शेवट मला सपक वाटला. जुन्या स्टिरिओत ती खोली आक्रसते तेव्हा जी घुसमट होते, ती मला हवीशी होती असे दिसते. याचे समर्थन मला करता येत नाही.

पहिलटकर:

मी या सगळ्यांत नवखी आहे. 'शी लव्ह्ज यू' मी पहिल्यांदा ऐकले ते २०२३ चेच, त्यामुळे माझ्यासाठी मूळ तेच आहे आणि त्यात काही कमी आहे असे कधी जाणवले नाही. धागा वाचून मोनो ऐकायची इच्छा झाली आहे. संपूर्ण मोनो संच न घेता ते कुठे मिळेल?

काळी तबकडी (धागाकर्ता):

'पास्ट मास्टर्स', २००९ ची आवृत्ती, पहिली सीडी, चौथे गाणे. हेडफोन काढून एकाच स्पीकरवर ऐका, आणि नव्या मिश्रणापेक्षा ते खुजे वाटले तर तसेही इथे लिहा.